तरवड थोर की घूस

परभणी जिल्हा आधी निजामाकडून हिंदुस्थानात आला आणि पुढे हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला. एवढ्या दोन मोठ्या सोयरिकी झाल्या, पण कुणी कुणाला देवक विचारलं नाही. आमच्या गावात मात्र सटवाजी धनगराच्या बानूची सुपारी फोडायची वेळ आली आणि देवकावरून असा घोळ पडला, की त्यापेक्षा निजामावरची पोलीस अॅक्शन लवकर उरकली होती असं लोक अजून म्हणतात. लोक म्हणतात ते खरं आहे. पोलीस अॅक्शनमध्ये निदान दोन्हीकडच्यांना आपण कशासाठी भांडतोय ते ठाऊक होतं.

देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं झाड असतं, कुणाचं पाखरू, कुणाची कुऱ्हाड. लग्नात ते मांडवात आणून पुजायचं, आणि एरवी त्याला तोडायचं नाही, मारायचं नाही, खायचं नाही. दोन घरांचं देवक एकच निघालं तर ती भावकी झाली, तिथे लग्न होत नाही. म्हणून सुपारी फोडायच्या आधी देवक विचारायचा दस्तूर आहे. ज्याने हा दस्तूर काढला त्याच्या मनात बहुधा एवढंच असावं, की विचारावं आणि पुढे सरकावं. पण त्याची आणि सटवाजीची गाठ पडली नव्हती.

सटवाजीकडे मेंढरांचा गावातला सगळ्यात मोठा कळप होता आणि त्या मानाने आवाजही मोठा होता. त्याचं देवक तरवड. माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला, जिथे कुणी काही लावत नाही तिथे आपणहून येणारं हे झुडूप. नवरात्राच्या सुमाराला पिवळ्याधमक फुलांनी भरून जातं, लोक घटाला त्याच्या माळा घालतात, आणि नंतर वर्षभर त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. सटवाजी मात्र बघायचा. मेंढरं माळाला लावली की एखाद्या फुललेल्या तरवडापाशी उभा राहून तो असा काही ऊर फुगवायचा, की जणू झुडूप त्याच्याच पोटी जन्मलं आहे.

त्याची बायको भिवराबाई. तिला देवकांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच गोष्ट हवी होती: बानूला असं घर मिळावं, जिथून तिला कुणी परत धाडणार नाही. कारण थोरली भागू परत आली होती. भागूला सटवाजीने मोठ्या थाटात उंबराच्या कुळात दिलं होतं. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, त्याहून मोठं देवक कोणतं, असं तो तेव्हा गावभर सांगत फिरला होता. भागूला मूल झालं नाही. नवऱ्याने दुसरी आणली आणि भागूला एका लुगड्यानिशी बैलगाडीत बसवून आमच्या शिवेवर उतरवून दिलं. गाडीवान म्हणाला, बैल दमलेत, पुढे येत नाहीत. तेव्हापासून भागू मेंढरांमागे जायची, दळायची, पाणी आणायची आणि चारचौघांत कधी बसायची नाही. भिवराबाई तिच्याकडे बघायची आणि बानूसाठी आलेली स्थळं एकेक करून नाकारायची.

गंगेकाठच्या, म्हणजे आमच्या गोदेकाठच्या, येडबाचा पोरगा अंगद मात्र तिला पसंत पडला होता. तिने त्याला सोनपेठच्या बाजारात मेंढी विकताना पाहिलं होतं. त्याला भाव करता येत नव्हता. गिऱ्हाईक चढ्या आवाजात बोललं की तो खाली बघायचा आणि मेंढीच्या पाठीवरून हात फिरवायचा. भिवराबाईने घरी येऊन सांगितलं, की ज्याला गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही तो बायकोवर काय ओरडणार. बानूनेही त्याला त्याच बाजारात पाहिलं होतं, पण तिचं कारण मेंढीच्या भावाशी संबंधित नव्हतं.

दिवाळी झाल्यावर येडबा आपल्या चार माणसांना घेऊन आला. सटवाजीच्या अंगणात मधोमध घोंगडं अंथरलं, त्यावर पान-सुपारी ठेवली. जातीचा कारभारी मुंजाजी मध्ये बसला. आसपासच्या गावांतले धनगरांचे तंटे तोच तोडायचा. त्याचा फैसला सगळे मानत, कारण फैसल्याआधी तो पोटभर जेवायचा आणि जेवल्यावर त्याला कुणाचाच राग यायचा नाही. त्याने दस्तुराप्रमाणे विचारलं. सटवाजी म्हणाला, तरवड. येडबा म्हणाला, घूस.

सटवाजीचा चुलतभाऊ भुजंग तेव्हा चहा पीत होता. तो चहा त्याच्या नाकातून बाहेर आला.

"घूस? उकिरड्यावरची?" सटवाजीने विचारलं.

"उकिरड्यावरची, गोठ्यातली, जिथं आसंल तिथली," येडबा म्हणाला. "आमी जागा बगून पाया पडत न्हाई."

इथे कुणीतरी विषय बदलायला हवा होता. देवकं वेगळी निघाली, म्हणजे लग्नाला आडकाठी नाही, झालं काम. पण भुजंग हसायचा थांबेना आणि सटवाजीला वाटलं की गाव आपल्यालाच हसतंय. लग्नानंतर पोरगी नवऱ्याचं देवक घेते. म्हणजे तरवडाच्या घरची लेक उद्या मांडवात घुशीपुढे डोकं टेकणार. सटवाजीने जाहीर केलं की असं होणे नाही. येडबा म्हणाला, ज्या झुडपाला उपाशी मेंढरूसुद्धा तोंड लावत नाही त्याची एवढी मिजास बरी नव्हे. सटवाजी म्हणाला, कुणी तोंड लावत नाही तीच त्याची इज्जत. मग दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली, आणि सुपारी तशीच राहिली.

मुंजाजीने दोघांना खाली बसवलं आणि म्हणाला की मामला नाजूक आहे. तरवड थोर की घूस थोर, याचा पंचांसमोर रीतसर फैसला होऊ द्या. घूस हलकी ठरली तर सोयरीक मोडली. तरवड हलका ठरला तर सटवाजीने गुमान पोरगी द्यायची. तोपर्यंत प्रत्येक बैठकीला एक मेंढा लागेल, आळीपाळीने दोघांकडून. देवकाचा न्याय उपाशीपोटी करता येत नाही.

झाडाची आणि जनावराची तुलना कशी करतात हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलायला माणसाला फार जोर येतो. पहिल्या बैठकीत सटवाजीने रूपापासून सुरुवात केली. तरवडाचं फूल देवीच्या घटावर चढतं, घूस कुठे चढते? येडबा म्हणाला, घूस कणगीवर चढते, आणि घटात धान्यच असतं. सटवाजी म्हणाला, तरवडाच्या सालीत चांभार कातडं कमावतो, पाला डोळ्यांवर बांधतात, फुलांचा काढा पितात. घुशीचा काढा कुणी प्यायलाय का? येडबाने थोडा विचार केला आणि म्हणाला, तुमचा तरवड जन्मभर उन्हात उभा असतो, त्याला स्वतःच्या डोक्यावर सावली करता येत नाही. घुशीचं घर जमिनीच्या पोटात, त्यात दाण्याची खोली वेगळी, पिलांची खोली वेगळी, आणि मागचं दार वेगळं. निजामाच्या वाड्यालाही याहून जास्त काय होतं? यावर पंचांपैकी दोघांनी माना डोलावल्या. त्यांच्या स्वतःच्या घराला एकच दार होतं.

मग कुळशीलाचा मुद्दा निघाला. येडबा म्हणाला, गणपतीचं वाहन उंदीर, आणि घूस ही उंदराची थोरली बहीण. सटवाजी म्हणाला, बहिणीला वाहनाचा मान मिळत नाही. हे शास्त्राचं काम म्हणून शाळामास्तर व्यंकटरावांना बोलावून आणलं. ब्राह्मणाचा माणूस, धनगरांच्या बैठकीत मेंढा शिजत असलेल्या चुलीच्या वाऱ्यावर बसलेला. उपरण्याचं टोक नाकाला लावून ते म्हणाले की घूस उंदराच्या जातीची आहे हे खरं, पण गणपती तिच्यावर बसल्याचं वाचनात नाही. येडबाने विचारलं, बसला नाही असं तरी वाचलंय का? व्यंकटराव म्हणाले, तसंही नाही. दोन्ही पक्षांनी आपण जिंकलो असं मानलं आणि मास्तर शाळा सुटायची वेळ झाली म्हणून घरी गेले. त्या दिवशी रविवार होता.

बैठक जेवून उठली. चुलीपुढे भिवराबाई आणि भागू होत्या. भिवराबाईने त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं की हे थांबवा. तो म्हणाला, इज्जतीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, इज्जत मागच्या खेपेलाही होती. सटवाजी घोंगडं घेऊन मेंढरांकडे निघून गेला.

दुसऱ्या बैठकीत मुंजाजीने फर्मावलं की नुसती तोंडं नकोत, देवकं समोर आणा. सटवाजीचं सोपं होतं. माळावरचं तरवडाचं एक लहान झुडूप मुळासकट, मातीच्या ढेपेसकट उचलून त्याने टोपलीत बसवलं. देवक तोडता येत नाही म्हणून ही सगळी उठाठेव. टोपली घोंगड्यावर ठेवली तेव्हा चार फुलं गळली, पण एकूण शोभा बरी दिसली. येडबाकडून अंगद आला. घुशीला इजा न करता धरायची म्हणजे काय असतं ते त्याच्या हातांवरून दिसत होतं. बोटं चिंध्यांनी बांधलेली, मनगटावर ओरखडे, आणि काखेत फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. दाराआड उभ्या बानूने ते हात पाहिले आणि ती आत जाऊन हळद घेऊन आली, पण द्यायची कशी ते तिला सुचेना. शेवटी भागूने ती बाहेर नेऊन दिली.

मुंजाजीने मडक्याला कान लावला. आतून खरखर ऐकू आली. दिसल्याशिवाय नोंद कशी घ्यायची, असं म्हणून त्याने फडकं सैल करायला सांगितलं. अंगद म्हणाला, नका करू. मुंजाजीने स्वतःच केलं.

घूस बाहेर आली. चांगली मांजराएवढी, अंगावरचे केस उभे, आणि न्यायालयाबद्दल जराही आदर नाही. ती आधी मुंजाजीच्या धोतरात शिरली. जातीचा कारभारी, ज्याच्यापुढे आसपासचे धनगर मान वर करीत नसत, तो घोंगड्यावर उभा राहून असा नाचू लागला की पंचांना कुठे बघावं ते कळेना. तिथून निघून घूस भुजंगच्या पायांवरून गेली, तरवडाची टोपली तिने उलथी पाडली, आणि सरळ सटवाजीच्या घरात घुसून चुलीमागच्या भिंतीत दिसेनाशी झाली. सटवाजी काठी घेऊन धावला. येडबाने हाक दिली, "माझं देवक हाय ते." आणि मुंजाजी धोतर सावरत ओरडला, की फैसला होईपर्यंत घूस पंचांच्या ताब्यात आहे, तिच्या केसाला धक्का लागला तर तरवड हरला असं समजा.

अशा रीतीने घूस सटवाजीच्या घरात पंचांची पाहुणी म्हणून राहिली. पाहुणीने पहिल्याच रात्री चुलीमागे ढीगभर माती उकरून ठेवली. पुढे ज्वारीच्या कणगीला खालून भोक पाडलं. मग सटवाजी झोपायचा ती जागा एका सकाळी त्याच्यासकट वीतभर खाली बसली. तो काठी उचलायचा, मग मुंजाजीचे शब्द आठवून खाली ठेवायचा. त्याला झोप येईना. तो मेंढरांवर खेकसू लागला, भुजंगशी भांडला, आणि एका सकाळी तर भिंतीपाशी ओणवा होऊन बिळात तोंड घालून घुशीला आईबहिणीवरून शिव्या देताना शेजाऱ्यांनी ऐकला. गावातली माणसं काहीतरी निमित्त काढून सकाळीच त्याच्या दारावरून जायला लागली.

भिवराबाई रोज उकरलेली माती भरायची आणि बाहेर टाकायची. घुशीचा जितका उच्छाद वाढेल तितका सटवाजी येडबाच्या घरावर चिडेल आणि बानूचं लग्न लांब जाईल, हे तिला दिसत होतं. दरम्यान गंगाखेडकडचं दुसरं एक स्थळ भुजंगने आणून ठेवलं होतं. त्यांचं देवक मोर. सटवाजी मोराचं नाव ऐकून नुसता फुलला होता, आणि ते पाहून भिवराबाईला अन्न गोड लागेना.

तिसऱ्या बैठकीला सटवाजी डोळे लाल करून बसला. त्याने सांगितलं की आता आणखी पुरावा नको. असलं देवक असणाऱ्या घरी पोरगी देणार नाही, आज मोडा आणि मला घरात काठी चालवू द्या. येडबा म्हणाला, देऊ नका, पण माझी घूस मला सुखरूप परत द्या. मुंजाजीला दिसलं की तंटा आता संपतोय आणि मेंढे बंद होणार. म्हणून त्याने शेवटचा पुरावा काढला. येडबाच्या कुळात घूस कधीपासून आहे हे सांगायला घरातलं सगळ्यात जुनं माणूस हजर करा. येडबाने त्याची तयारी ठेवली होती. त्याची आई धुरपताबाई गाडीत पडून होती, तिला उचलून आणून घोंगड्यावर बसवलं.

धुरपताबाईचं वय तिलाही माहीत नव्हतं. दात एकही नव्हता, डोळे मात्र चांगले होते. तिने आधी चुलीकडे बघून काय शिजतंय ते विचारलं. मग मुंजाजीने विचारलं, माय, तुमचं देवक घूस, हे तुमच्या सासऱ्याच्या वेळेपासूनचं ना?

"सासऱ्याचं देवक वारूळ व्हतं," म्हातारी म्हणाली.

येडबाने मान वळवून आईकडे पाहिलं.

म्हातारीला या सगळ्याचं काहीच वाटत नव्हतं. तिने सांगितलं ते असं. तिच्या लग्नात देवकासाठी वारुळाची माती आणायला तिच्या दिराला पाठवलं होतं. वाटेत शिंदीचं बन लागलं. दीर शिंदी प्यायला बसला आणि उठला तोवर वारूळ कुठल्या दिशेला ते त्याला आठवेना. तेव्हा त्याने गोठ्यामागे घुशीने उकरलेला ढीग पाहिला आणि तीच माती धोतराच्या सोग्यात भरून आणली. सासऱ्याने विचारलं, काय आणलंस? तो म्हणाला, घुशीची हाय. सासराही प्यायलेला. त्याने त्या मातीला हळदकुंकू वाहिलं आणि पाया पडला. सासरा पुढच्या साली पटकीच्या साथीत गेला. नंतरच्या लग्नांत मागच्या वेळेसारखंच करायचं म्हणून लोक घुशीचीच माती आणत राहिले.

"मंग तू तवा बोलली कामून न्हाई?" येडबाने विचारलं.

"त्या दिवशी आले व्हते की मी. नव्या नवरीनं सासऱ्याला काय सांगावं, की तुमचं देवक चुकलंय?" ती म्हणाली. "आन पुढं तू झालास. हातपाय धड व्हते. मंग म्हणलं, ऱ्हाऊ द्या."

भुजंगला हसू आवरेना. पण मुंजाजीचा चेहरा उजळला. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं की तंटा मिटला. वारूळ म्हणजे नागाचं घर. नागपंचमीला सगळं गाव तिथे दूध घेऊन जातं. असं देवक असल्यावर सटवाजीची काही हरकत उरत नाही. सटवाजीनेही मान हलवली. वारूळ चालेल, तो म्हणाला. आता येडबाने चारचौघांत एकदा म्हणायचं, की आमचं देवक वारूळ, घूस ही चूक होती. लगेच सुपारी फोडू.

एवढंच काम होतं. दाराआडून बानू पाऊलभर पुढे सरकली. अंगद बापाकडे बघत होता. त्याच्या बोटांवरच्या चिंध्या अजून हळदीने पिवळ्या होत्या.

येडबा घोंगड्याच्या काठाचे धागे ओढत बसला. मग म्हणाला, "माय खोटं बोलत न्हाई. वारूळ आसंल. पण वारुळासाठी म्या काय केलंय? एक दिस दूध न्हाई सांडलं. घुशीसाठी माझी मागची भिंत बसली, गेल्या सालच्या पावसात. लेकरंबाळं घिऊन आमी मेंढराच्या वाड्यात निजलो. बी-बियाणं गेलं, तवा ग्रामसेवक तिला मारायच्या औषधाच्या पुड्या घिऊन दारात आला, त्याला हात जोडून वाटंला लावलं. शेजारी येडा म्हणायले, म्हणू दिलं. तिला एकदा आमच्यातली म्हणलंय. आता सोयरीक जुळायलीय म्हणून म्या तिला चूक म्हणू? न्हाई जमायचं." तो उठला आणि अंगदला म्हणाला, चल, बैल जुंप.

आता खरं म्हणजे सगळे चिडायला हवे होते. एका शब्दाचं काम आणि हा माणूस एका दारुड्याच्या ढिगासाठी पोराचं लग्न मोडायला निघालेला. भुजंग तसं बोललाही. मुंजाजीने कपाळाला हात लावला. सटवाजी हाताचे पंजे चोळत म्हणाला, बघा, अशा डोक्याच्या माणसाच्या घरी पोरगी द्यायची का?

"तिथंच द्यायची," भिवराबाई म्हणाली.

ती चुलीपासून उठून दारात आली होती. बैठकीत बायका बोलत नसत. हातात कालथा तसाच होता आणि पदर अर्धा डोक्यावरून सरकलेला. तिने सांगितलं की तिन्ही बैठकांचं मटण तिने रांधलंय, म्हणून आता तिचंही ऐकून घ्यावं लागेल. आधी ती नवऱ्याकडे वळली. तिने विचारलं, तरवड आपलं देवक ना? तोडायचं नाही, मोडायचं नाही? मग तुम्ही रोज सकाळी माळावर दात कशाने घासता?

गावातल्या निम्म्या माणसांनी सटवाजीला रोज सकाळी तरवडाची काडी चावताना पाहिलं होतं. बापही तेच करायचा, आजाही तेच करायचा. देवक आणि दातवण या दोन गोष्टी एकाच झुडपाच्या आहेत हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पंचांपैकी एकाने हळूच जिभेने आपले दात चाचपले.

"ह्या माणसाला मी हसत न्हाई," भिवराबाई म्हणाली आणि तिने येडबाकडे बोट केलं. "आपल्या घरात घूस ऱ्हाऊन पंधरा दिस झाले न्हाईत, तर तुमी काठी घिऊन बसलाव. त्यांनी जलमभर ठिवली. भिंत पडली तरी काढली न्हाई. तिचं काय काम व्हतं त्या घरात? पोरं न्हाई का काम न्हाई, खायाचं आन उकरायचं. तरी काढली न्हाई." तिने कालथा दुसऱ्या हातात घेतला. "जे घर घुशीला भाईर काढत न्हाई, ते माझ्या लेकीला काढंल का?"

पाण्याच्या घागरी घेऊन भागू अंगणात येत होती. आपल्यामुळे सगळे गप्प झाले असं वाटून ती तिथेच थांबली, मग पाठमोरी होऊन मागच्या दाराकडे वळली.

सटवाजीने तिला हाक मारली. ती थांबली, पण फिरली नाही. तो जागेवरून उठला. माणूस मोठ्या आवाजाचा, पण त्याला तेव्हा शब्द शोधावे लागले. मुंजाजीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर सटवाजीने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"थोरली म्या देवक बगून दिली," तो बायकोला म्हणाला. "धाकटी तू घर बगून दे."

भिवराबाईने भागूच्या डोक्यावरून घागर उतरवून घेतली. मुंजाजीने दगड शोधला आणि सुपारी फोडली. फोडताना त्याने सवयीने विचारलं, की मग थोर काय ठरलं, तरवड की घूस? पण येडबा आणि सटवाजी तोवर चुलीमागच्या भिंतीपाशी ओणवे झाले होते, आणि घुशीला न दुखवता बाहेर कसं काढायचं ते अंगद त्या दोघांना समजावून सांगत होता.